किनाऱ्यावरील सागरी संशोधन केंद्रासाठी देणगीदारांचे पाठबळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

किनाऱ्यावरील सागरी संशोधन केंद्रासाठी निधी उभा करण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येऊन पडते, त्यांनी बहुधा या कामाचे शिक्षण घेतलेले नसते. कोणी शैवालांचा अभ्यासक असतो, कोणी निवृत्त प्राध्यापक, तर कोणी विद्यार्थिदशेत एक हंगाम केंद्रात काम करून गेलेला माणूस. अशा मंडळींकडून गेली अनेक वर्षे जे प्रश्न माझ्यापर्यंत येत राहिले, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. करसवलती आणि संस्थानोंदणीचे नियम प्रत्येक देशात निराळे असल्यामुळे त्यांची चर्चा येथे केलेली नाही.

केंद्राला सरकारचे किंवा विद्यापीठाचे अनुदान मिळत असताना देणगीदारांकडे जाण्याची गरज का पडते?

अनुदान बहुधा प्रकल्पाला मिळते, केंद्राला नव्हे. एखादा संशोधक तीन वर्षांसाठी एक प्रश्न मांडतो, त्यासाठी उपकरणे, सहायकाचे मानधन आणि प्रवासखर्च मंजूर होतो, आणि मुदत संपली की तो पैसाही संपतो. मात्र ज्या पंपामुळे त्याच्या टाकीत समुद्राचे ताजे पाणी येत होते, तो पंप कोणत्याच प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात नसतो. धक्क्याचे गंजलेले खांब, बोट चालवणारा तांडेल, टाक्यांची निगा राखणारा आणि कोणता जीव कोणत्या महिन्यात कोणत्या खडकापाशी सापडतो हे तोंडपाठ असलेला कर्मचारी, यांपैकी काहीही ‘नवीन संशोधन’ या सदरात बसत नाही. दोन प्रकल्पांच्या मधल्या काळात असा कर्मचारी नोकरी सोडून गेला, तर त्याच्याबरोबर वीस वर्षांचे ज्ञान निघून जाते आणि ते परत मिळवण्यासाठी कोणतेही अनुदान नसते. देणगीदाराचा पैसा ही पोकळी भरून काढू शकतो, कारण दर तीन वर्षांनी नवा शोध दाखवा, अशी अट त्याला जोडलेली नसते.

देणगीचा पैसा नेमका कशावर खर्च होतो?

हे देणगीदाराला समजावून सांगायचे असेल, तर खाऱ्या पाण्याच्या नळापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. किनाऱ्यापासून आत समुद्रात एक जाळीदार तोंड असते, तेथून पंप पाणी ओढतो, वाळूच्या गाळणीतून ते उंचावरच्या टाकीत चढते आणि तेथून आपल्या वजनाने खाली उतरून प्रयोगशाळेतल्या प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचते. सांगायला सोपी वाटणारी ही व्यवस्था रोज आतून बुजत असते. पाण्याबरोबर बार्नेकल (खडकांना आणि बोटींच्या तळाला घट्ट चिकटून राहणारे कवचधारी जीव) आणि शिंपल्यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले नळात शिरतात आणि आतल्या भिंतीला चिकटून बसतात. अन्न वाहत्या पाण्यातून आपोआप तोंडाशी येत असल्याने ती झपाट्याने वाढतात. काही महिन्यांत नळ आतून अरुंद होतो आणि पंपाला धाप लागते. म्हणून जाणकार मंडळी एकाऐवजी दोन नळ टाकतात. एक चालू असताना दुसरा बंद ठेवतात, त्यात कोंडलेल्या पाण्यातला प्राणवायू संपून आत चिकटलेले जीव मरतात, मग तो धुऊन काढतात आणि पाळी बदलतात. हा दुसरा नळ अंदाजपत्रकात अनावश्यक दिसतो आणि पैसे कमी पडले की सर्वात आधी त्याच्यावरच काट मारली जाते.

बाकीचा खर्चही याच जातीचा आहे. तांबे आणि पितळ समुद्रातल्या कोवळ्या जिवांना विषारी ठरत असल्याने पाण्याच्या वाटेवर साधी नळजोडणी चालत नाही. खाऱ्या हवेने विजेची बटणे आणि संगणकाचे भाग लवकर खराब होतात. बोट ठरावीक काळाने पाण्याबाहेर काढून तिचा तळ खरवडावा लागतो. पाणबुड्यांच्या हवेच्या नळकांड्यांची दाबाखाली तपासणी करून घ्यावी लागते. नमुन्यांच्या बरण्यांमधले जतनद्रव्य हळूहळू उडून जाते आणि कोणाला तरी हजारो बरण्या एकेक करून पुन्हा भराव्या लागतात. बरणीच्या आत ठेवलेली चिठ्ठी आजही पेन्सिलीने लिहिलेली असते, कारण शाई पसरते. पन्नास वर्षांपूर्वीच्या हस्ताक्षरातली अशी एखादी चिठ्ठी पाहिल्यावर देणगीदाराला देखभाल या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

खाजगी देणगीवर सागरी केंद्र उभे राहिल्याची उदाहरणे आहेत का?

आहेत, आणि ती सांगण्याजोगी आहेत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ आंटोन डोर्न याने इटलीतील नेपल्स येथे १८७२ साली केंद्राची उभारणी सुरू केली, तेव्हा नगरपालिकेने त्याला समुद्रालगतची जागा दिली, पण इमारतीसाठी पैसा प्रामुख्याने त्याच्या घरचा आणि हितचिंतकांचा होता. तळमजल्यावर लोकांसाठी मत्स्यालय उघडावे आणि त्याच्या तिकिटांतून वरच्या मजल्यावरचे संशोधन चालावे, ही त्याची मूळ कल्पना होती. जानेवारी १८७४ मध्ये मत्स्यालय खुले झाले, परंतु तेवढ्याने भागेना. त्याच वर्षी चार्ल्स डार्विनने स्वतःचे १०० पौंड दिले, त्याच्या दोन मुलांनी प्रत्येकी १० पौंड दिले आणि इंग्लंडमधील इतर निसर्गशास्त्रज्ञांकडूनही वर्गणी जमली.

डोर्नने मात्र केंद्र केवळ वर्गणीवर अवलंबून ठेवले नाही. त्याने काढलेली युक्ती आजही अभ्यासण्यासारखी आहे. विद्यापीठे, सरकारे आणि विद्वत्संस्था यांना तो वर्षाच्या करारावर एकेक ‘टेबल’ देत असे. टेबल म्हणजे बसायची जागा, रसायने, ग्रंथालय आणि समुद्रातून आणलेले हवे ते जिवंत प्राणी. तेथे येणाऱ्या संशोधकाने कशावर काम करावे, हे केंद्र ठरवत नसे. पैसे देणाऱ्याला स्वतःचा माणूस पाठवण्याचा हक्क मिळाला आणि केंद्राला दरवर्षीचे निश्चित उत्पन्न मिळाले. आज ‘एका टेबलाचे पालकत्व’ अशी योजना आखणाऱ्यांनी या उदाहरणाचा आधार जरूर घ्यावा.

या संशोधनाचा उपयोग काय, असे देणगीदार विचारतात. त्यांना काय सांगावे?

उपयोगाचे आश्वासन देऊ नये. जे घडले आहे ते तपशिलाने सांगावे. मी बहुतेक वेळा ओसामू शिमोमुरा या जपानी रसायनशास्त्रज्ञांची हकीगत सांगतो. १९६१ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील फ्रायडे हार्बर या केंद्रात ते चमकणाऱ्या जेलीफिशचा प्रकाश कशामुळे पडतो याचा शोध घेत होते. धक्क्यावर उभे राहून जाळ्याने जेलीफिश पकडायचे, त्यांच्या घेराची चमकणारी कड कात्रीने कापून घ्यायची आणि कापडातून पिळून अर्क काढायचा, असे काम दिवसेंदिवस चालले होते आणि त्या हंगामात सुमारे १०,००० जेलीफिश गोळा झाले. एका संध्याकाळी त्यांनी निकामी ठरलेला अर्क मोरीत ओतला, आणि मोरी निळ्या प्रकाशाने झळाळून उठली. जवळच्या टाकीतून ओसंडणारे समुद्राचे पाणी त्या मोरीत येत होते, आणि त्या पाण्यातल्या कॅल्शियमने अर्क पेटला होता. त्या कामातून जो प्रकाशणारा पदार्थ वेगळा काढला गेला, त्याच्यासोबत एक हिरवे प्रथिनही हाती लागले. पुढे जिवंत पेशीत काय कुठे घडते हे दाखवणारी खूण म्हणून ते जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाऊ लागले आणि २००८ साली शिमोमुरा यांना इतर दोघांसह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हकीगत सांगताना मी देणगीदाराचे लक्ष पारितोषिकाकडे नव्हे, तर मोरीकडे वेधतो. त्या मोरीत समुद्राचे पाणी वाहत होते, कारण कोणीतरी नळ आणि पंप चालू ठेवले होते. इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी केंद्राबद्दलही असेच म्हणता येईल. तेथे १९३९ साली हॉजकिन आणि हक्सले या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी माकुळाच्या जाड मज्जातंतूच्या आत तार घालून विजेचा संदेश मोजला, आणि त्यासाठी लागणारी ताजी माकुळे बोटीने रोज पकडून आणावी लागत होती.

नवी इमारत किंवा बोट यांसाठी पैसे मिळतात, पण रोजच्या खर्चासाठी कोणी देत नाही. मग मागावे तरी काय?

या पृष्ठावरचा सर्वात महत्त्वाचा प्रश्न मी हाच मानतो, आणि माझे उत्तर असे आहे की रोजच्या खर्चासाठी कोणी देत नाही ही आपली समजूत बहुतांशी आपणच तयार केली आहे. आपण इमारतीचे चित्र घेऊन जातो, म्हणून इमारतीसाठी पैसे मिळतात. देखभालीचे चित्र घेऊन आपण कधी गेलेलोच नसतो. ‘प्रशासकीय व इतर खर्च’ अशी एक ओळ अंदाजपत्रकाच्या तळाशी लिहून तिच्याबद्दल कोणाच्या मनात आस्था निर्माण होईल अशी अपेक्षा करणे चुकीचे आहे. त्याऐवजी ‘एका वर्षाचे पाणी’, ‘एका वर्षाच्या रोजच्या नोंदी’, ‘बोटीचे समुद्रावरचे पन्नास दिवस’ अशी मागणी मांडावी आणि तिच्यासमोर खरा हिशोब ठेवावा.

दीर्घ नोंदी हे तर असे काम आहे की त्याचे मोल समजावताना मला कधी अडचण आली नाही. कॅलिफोर्नियातील स्क्रिप्स या समुद्रविज्ञान संस्थेच्या धक्क्यावर १९१६ पासून समुद्राच्या पाण्याचे तापमान रोज मोजले जात आहे. तेथील मूळ धक्का एलन ब्राउनिंग स्क्रिप्स या दानशूर बाईंच्या पैशातून बांधला गेला. त्यांनी धक्का दिला तेव्हा शंभर वर्षांनी हवामानबदलाच्या चर्चेत त्या नोंदी वापरल्या जातील, हे कोणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. त्याच संस्थेतील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली हवाई बेटांवरील मौना लोआ येथे हवेतील कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू केली. त्या मोजणीचा आज जगभर ओळखला जाणारा चढता आलेख १९६४ साली काही महिने तुटलेला आहे, कारण निधीत कपात झाली होती. कीलिंग यांचे पुत्र राल्फ यांना २०१३ साली या मोजणीसाठी सर्वसामान्य लोकांकडे देणगीचे जाहीर आवाहन करावे लागले. इतक्या नामवंत मोजणीची ही अवस्था होते, तर आपल्या केंद्रातल्या नोंदवहीचे काय, हा प्रश्न देणगीदारापुढे सरळ ठेवावा.

भांडवली देणगी नाकारावी, असे मात्र मी म्हणणार नाही. इमारत किंवा बोट स्वीकारतानाच तिच्या पुढील दहा वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच देणगीपत्रात धरून घ्यावी, एवढाच आग्रह असावा. हे आरंभीच बोलले तर देणगीदार बहुधा मान्य करतो. उद्घाटनानंतर बोलले तर त्याला फसवणूक झाल्यासारखे वाटते.

सुरुवात कोणापासून करावी?

विश्वस्तांपासून. मोठा देणगीदार पहिल्या दोन-तीन भेटींत हमखास विचारतो की तुमच्या विश्वस्तांनी स्वतः काही दिले आहे का, आणि त्या वेळी उत्तर ‘होय, प्रत्येकाने’ असे असले पाहिजे. रक्कम लहान असली तरी चालते.

त्यानंतर ज्यांचे हात कधीतरी केंद्राच्या टाकीत भिजले आहेत त्यांच्याकडे जावे: जुने विद्यार्थी, शालेय सहलीत येऊन गेलेल्या मुलांचे पालक, किनाऱ्यावर राहणारे रहिवासी, बोटींचे मालक, हौशी शंखसंग्राहक. अनोळखी धनिकांची यादी करण्यात महिने घालवणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि त्याच काळात केंद्राच्या फाटकासमोरून रोज फिरायला जाणाऱ्या माणसाला कोणी आत बोलावलेले नसते. स्क्रिप्स संस्थेचे मूळही अशाच एका माणसात आहे. सॅन डिएगोमधील फ्रेड बेकर हे डॉक्टर शंखांचे अभ्यासक होते. त्यांनी विल्यम रिटर या प्राध्यापकाला तेथे येण्याचा आग्रह केला, गावातून पैसे जमवून दिले, आणि १९०३ साली एका हॉटेलच्या बोटघरात काम सुरू झाले. वृत्तपत्रमालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स आणि त्यांची बहीण एलन यांचा मोठा आधार मिळाला तो त्यानंतर.

देणगीदाराची केंद्रभेट कशी आखावी?

भरती-ओहोटीचे कोष्टक पाहून आखावी. संचालकांच्या सोयीची वेळ आणि खडक पाण्याखाली, अशी भेट घडवण्यापेक्षा ती पुढे ढकललेली बरी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटीचे पाणी सर्वात दूर जाते, आणि एरवी न दिसणारे जग तासाभरासाठी उघडे पडते. पाहुण्याला त्या वेळी खडकांवर न्यावे आणि शक्यतो कमी बोलावे.

मग प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणारे सूक्ष्म जीव, पकडण्याचे जाळे त्याच्याच हातात द्यावे. धक्क्यावरून ते पाच मिनिटे ओढले की तळाच्या बाटलीत गढूळसर पाणी जमते, जे पाहून पाहुणा थोडा निराश होतो. त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की त्याच पाण्यात लांब मिशांचे कोपेपॉड, म्हणजे कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले जीव, झटके देत पोहताना दिसतात, आणि नशीब असेल तर कपाळावर लांब काटा आणि मोठे काळे डोळे असलेले एखादे झोइया, म्हणजे खेकड्याचे पिल्लू, दिसते. हा खेकडा आहे यावर त्याचा विश्वास बसत नाही. तो डोळा भिंगाला लावून राहतो, आणि अशा वेळी आपण मागे उभे राहून आकडेवारी सांगू नये, एवढे भान ठेवावे.

पडद्यावरचे सादरीकरण दहा मिनिटांपेक्षा लांबवू नये. पंप सांभाळणाऱ्याला बोलू द्यावे. तो आपल्या कामाविषयी जे सांगतो ते कोणत्याही माहितीपत्रकात नसते. आणि त्याच दिवशी पैसे मागू नयेत.

मग पैसे कधी आणि किती मागावेत?

साधारणपणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या भेटीत, एका ठरावीक कामासाठी आणि ठरावीक रकमेसाठी मागावेत. ‘आपल्याला जमेल तेवढे द्या’ हे वाक्य नम्र वाटते, पण त्यामुळे समोरच्या माणसावर अंदाज बांधण्याचे ओझे पडते. रक्कम सांगून झाल्यावर शांत राहावे. शांततेने अवघडून जाऊन आपणच रक्कम कमी करणारे पुष्कळ जण असतात, आणि मीही आरंभीच्या काळात हे केले आहे. एका गृहस्थांपुढे बोटीच्या इंजिनाची रक्कम ठेवून मी त्यांच्या उत्तराची वाट न पाहता ‘निम्मी दिली तरी चालेल’ असे म्हणून गेलो. त्यांनी निम्मी दिली, आणि जाताना सांगितले की ते पूर्ण देणारच होते.

नकार आला तर कारण जरूर विचारावे. रक्कम, काम, वेळ किंवा माणूस यांपैकी एक गोष्ट चुकलेली असते, आणि ती कळली तर संबंध टिकतो.

छोट्या देणग्या गोळा करण्याचे श्रम परवडतात का?

परवडतात, मात्र त्या दरवर्षी येत राहिल्या पाहिजेत. एकदाच आलेल्या छोट्या देणगीची पावती, नोंद आणि आभारपत्र यांतच तिचा बराच भाग खर्च होतो. हीच देणगी दहा वर्षे येत राहिली तर तिच्या भरवशावर एखाद्या सहायकाची नेमणूक करता येते.

अनेकांनी मिळून एक गोष्ट उचलण्याचे फार चांगले उदाहरण नेपल्सचेच आहे. आयडा हाइड या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ तेथे काम करून आल्या आणि त्यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील स्त्रियांनी १८९७ मध्ये मंडळ स्थापन करून नेपल्सच्या केंद्रात संशोधक स्त्रियांसाठी एका टेबलाचा खर्च उचलायला सुरुवात केली. ज्या काळात बहुतेक प्रयोगशाळांची दारे स्त्रियांना बंद होती, त्या काळात वर्गणीने राखलेल्या त्या एका जागेचे महत्त्व किती असेल, याची कल्पना करता येते. छोट्या देणगीदारांना ‘समुद्र वाचवा’ असे व्यापक आवाहन करण्याऐवजी असे एक टेबल, एक शिष्यवृत्ती किंवा एक तापमापक दाखवावा.

कोणी जुनी बोट किंवा उपकरणे देऊ केली तर स्वीकारावीत का?

लगेच होकार देऊ नये. बोट फुकट मिळते, पण तिचा विमा, नांगरण्याची जागा, इंजिन आणि खलाशी फुकट मिळत नाहीत. ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांनी आपली ‘लोमा’ ही नौका संशोधनासाठी दिली होती. तिचा उपयोग झालाही, पण १९०६ साली ती किनाऱ्याजवळ अडकून निकामी झाली आणि पुढच्याच वर्षी संशोधनासाठी मुद्दाम नवी बोट बांधावी लागली. सहलीसाठी बांधलेल्या बोटीवरून जाळी ओढणे किंवा तळाचा गाळ काढणे सोपे नसते. जाणकाराकडून तपासणी करून घ्यावी, पाच वर्षांचा खर्च मांडावा, आणि गरज नसल्यास ती विकून येणारी रक्कम केंद्राला वापरता येईल का, हे देणगीदाराला मोकळेपणाने विचारावे.

देणगीदाराचे नाव इमारतीला द्यावे का?

द्यायला हरकत नाही. नाव किती वर्षे राहील आणि कोणत्या परिस्थितीत काढता येईल, हे आधीच लिहून ठेवावे.

कायम निधी म्हणजे काय, आणि तो आम्हाला जमेल का?

मूळ रक्कम गुंतवून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातला मर्यादित भाग दरवर्षी खर्च करायचा, या व्यवस्थेला कायम निधी म्हणतात. महागाईने मूळ रक्कम झिजू नये म्हणून सावध संस्था दरवर्षी सुमारे चार टक्क्यांच्या आसपासच खर्च करतात. याचा अर्थ असा की जो वार्षिक खर्च यातून भागवायचा असेल, त्याच्या पंचवीसपट निधी लागतो. ही पट ऐकून अनेक केंद्रे हा विचारच सोडून देतात, पण सगळे केंद्र कायम निधीवर आणण्याची आवश्यकता नसते. फक्त रोजच्या नोंदी घेणाऱ्या एका माणसाचे वेतन आणि त्याची उपकरणे एवढ्यापुरता निधी उभा करावा. मृत्युपत्राने मिळणाऱ्या देणग्या या कामी विशेष उपयोगी पडतात, कारण त्या देणाऱ्याच्या मनात काहीतरी आपल्यामागे चालत राहावे अशीच इच्छा असते. तातडीच्या दुरुस्तीसाठी मूळ रकमेला हात लावण्याचा मोह दरवर्षी होईल, तेव्हा तो टाळण्याची तरतूद संस्थेच्या घटनेतच असावी.

ज्या उद्योगाच्या सांडपाण्याची आम्ही मोजणी करतो, त्याच उद्योगाने देणगी देऊ केली तर?

येथे मी जरा सविस्तर लिहितो, कारण या एका बाबतीत झालेली चूक सुधारता येत नाही. केंद्राकडे असलेली खरी मालमत्ता म्हणजे त्याच्या आकड्यांवरचा विश्वास. मासेमार, नगरपालिका, न्यायालय आणि तो उद्योग स्वतः, हे सगळे केंद्राचा आकडा मानतात, कारण तो कोणाच्याही बाजूचा नसतो. देणगीमुळे प्रत्यक्ष आकडा बदलला नाही, तरी तो बदलला असेल अशी शंका आली तरी नुकसान पुरते होते.

एका केंद्राच्या बाबतीत मी हे जवळून पाहिले आहे. देणगीपत्रात ‘अहवाल संमतीनंतर प्रसिद्ध करावा’ असे एक निरुपद्रवी दिसणारे वाक्य होते आणि घाईत कोणी त्याकडे लक्ष दिले नाही. दोन वर्षांच्या मोजणीच्या वह्या संमतीची वाट पाहत कपाटात पडून राहिल्या, ज्या तरुण संशोधिकेने त्या भरल्या होत्या ती कंटाळून दुसरीकडे गेली, आणि त्या खाडीतले मासेमार त्यानंतर केंद्राच्या कोणत्याही सभेला आले नाहीत.

म्हणून अटी लेखी असाव्यात. काय मोजायचे, कसे मोजायचे आणि केव्हा प्रसिद्ध करायचे यांत देणगीदाराचा अधिकार राहणार नाही. नोंदी ठरलेल्या मुदतीत सर्वांसाठी खुल्या होतील. देणगीची रक्कम आणि देणाऱ्याचे नाव जाहीर केले जाईल. ज्या विषयात देणगीदाराचा थेट हितसंबंध आहे, त्या विषयाच्या मोजणीसाठी त्याचा पैसा वापरला जाणार नाही. यांतले काहीही मान्य नसेल, तर रक्कम कितीही मोठी असली तरी आभार मानून ती परत करावी.

वादळाने नुकसान झाले किंवा प्रयोग फसला, तर देणगीदाराला कळवावे का?

वर्तमानपत्रातून कळण्याआधी कळवावे. काय बिघडले, किती बिघडले आणि पुढे काय करणार आहोत, हे एका पानात लिहावे. टाकीतले प्राणी मेले असतील तर तसे स्पष्ट म्हणावे. यशाच्या बातम्यांनी जे देणगीदार जोडले जात नाहीत, ते अशा पत्राने जोडले गेल्याचे मी अनुभवले आहे, कारण आपल्याला विश्वासात घेतले गेले हे माणसाला समजते.

आभार आणि हिशोब यांची पद्धत कशी असावी?

पावती त्याच आठवड्यात, आभारपत्र संचालकांच्या सहीने, आणि वर्षातून एकदा विनियोगाचा हिशोब. विशिष्ट कामासाठी आलेला पैसा दुसरीकडे वळवायचा झाल्यास आधी लेखी परवानगी घ्यावी. सर्व पत्रव्यवहार केंद्राच्या दप्तरी असावा, एखाद्याच्या खाजगी टपालपेटीत नव्हे, कारण संचालक बदलले की देणगीदाराला दिलेली आश्वासने त्यांच्याबरोबर निघून जातात.

सगळे करूनही निधी कमीच पडला, तर आधी काय बंद करावे?

अतिथिगृह, छापील वार्षिक अंक आणि नव्या उपकरणांची खरेदी आधी थांबवावी. त्यानंतर बोटीचे दिवस कमी करावेत. रोजच्या नोंदी मात्र अगदी शेवटपर्यंत चालू ठेवाव्यात, कारण बाकी सर्व गोष्टी पैसा आल्यावर पुन्हा सुरू करता येतात. प्लिमथसमोरच्या समुद्रात ई-१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी १९०३ पासून पाण्याची मोजणी होत आली होती. १९८७ मध्ये ती थांबली आणि २००२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या वर्षांत त्या जागी पाणी किती तापले होते, हे आता कोणालाही मोजून सांगता येणार नाही.

नोंद थांबवण्याची वेळ आलीच, तर ती थांबण्यापूर्वी सर्व देणगीदारांना तारखेसह कळवावे. एका तापमापकाचा आणि तो रोज पाण्यात बुडवणाऱ्या एका माणसाचा खर्च किती, हेही त्याच पत्रात लिहावे. तरीही खंड पडला, तर नोंदवहीत त्या दिवसांच्या जागा रिकाम्या सोडाव्यात, समोर कारण लिहावे, आणि पुढे केव्हाही अंदाजाने आकडे भरून त्या जागा बुजवू नयेत.